ग्राफिक्स कार्ड घेताना माझी झालेली फसवणूक

एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०५० टीआय म्हणून मला विकलेलं सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड त्याच कंपनीचं जुनं जीटीएक्स ५५० टीआय निघालं. नाव २०१६ चं, माल २०११ चा. कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डाची ओळख सांगणाऱ्या त्यातल्या छोट्या प्रोग्रामात, नाव आणि मेमरीचा आकडा बदलला होता. विंडोज बायोस सांगेल तेच दाखवतं, त्यामुळे वरवर सगळं चोख: नाव बरोबर, मेमरी ४ जीबी.

विकणारा आपल्यातलाच, प्रोग्रामर वाटला. स्वतः असेंबल केलेल्या मशीनचे फोटो, नीट बांधलेल्या केबल्स, बोलण्यात विसरलेल्या सेमीकोलनचे आणि रात्रभर छळणाऱ्या बगचे विनोद. अशा माणसावर कोण संशय घेणार? तो नेमकं हेच हेरून होता.

डेस्कटॉप आणि व्हिडिओ व्यवस्थित चालायचे. गेमने कार्डावर खरोखर असलेल्या १ जीबीच्या वर मेमरी मागितली की पडद्यावर रंगीबेरंगी चौकोन, आणि मग सगळं काळं. एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) तर इन्स्टॉलच होईना. विचारलं तर उत्तर आलं, “माझ्या मशीनवर तर चालतंय,” पुढे हसरा इमोजी. वर सल्ला: ड्रायव्हर अपडेट करू नका, मी दिलेलाच ठेवा. ‘माझ्या मशीनवर चालतंय’ हे वाक्य आपण प्रोग्रामर सगळेच गमतीत एकमेकांना ऐकवतो. त्याच गमतीच्या आडून त्याने मला टोलवलं, याची चीड अजून जात नाही.

जीपीयू-झेडने खरं काय ते सांगितलं. २०१८ पासून हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर अशी बनावट कार्डं ओळखतं आणि नावाआधी ‘फेक’ असं दाखवतं. कूडा कोअर, म्हणजे चिपमधली गणितं करणारी छोटी युनिट्स, ७६८ हवे होते, होते १९२. चिप थंड ठेवणारा हीटसिंक काढून त्याखालची थर्मल पेस्ट पुसली, तर चिपवर जीएफ११६ कोरलेलं. अस्सल १०५० टीआयवर जीपी१०७ असतं. मागचा व्हीजीए पोर्टही (जुन्या मॉनिटरचा अ‍ॅनालॉग जोड) तेच सांगत होता, कारण १०५० टीआयच्या पिढीच्या चिपमध्ये अ‍ॅनालॉग आउटपुट नाहीच.

पुरावे पाठवताच त्याने मला ब्लॉक केलं. तक्रारीनंतर जाहिरात उतरली, पैसे मात्र बुडाले. आता तोच फोटो दुसऱ्या खात्यावर दिसतोय, म्हणून हे लिहितोय. स्क्रीनशॉटवर भागवू नका, तो कुठल्याही कार्डाचा असू शकतो. पैसे देण्याआधी जीपीयू-झेड डोळ्यांसमोर चालवून घ्या, कंपनीच्या साइटवरचा त्या कार्डासाठीचा ताजा ड्रायव्हर टाकायला लावा आणि मेमरी पूर्ण भरेल असा जड गेम थोडा वेळ चालवून बघा. विकणारा ड्रायव्हरला नाही म्हणाला, तर कार्ड तिथेच ठेवून निघा.