उसाच्या बेण्याला अ‍ॅसिटोबॅक्टरची बाटली: घ्यावी का, आणि घेताना काय बघावं

कोल्हापूर भागातल्या कृषी सेवा केंद्रांत उसासाठी अ‍ॅसिटोबॅक्टर (हवेतला नत्र धरणारे जीवाणू) आणि पीएसबी (जमिनीतलं स्फुरद विरघळवणारे जीवाणू) पाकिटात पावडरीत मिळतं, तसं बाटलीतही मिळतं. दोन्हींत बाटली बरी, पाण्यात लगेच मिसळते. माल चांगला निघाला तर पैसे वसूल. पण हा माल जिवंत असतो आणि बाटलीतच मेला तर बाहेरून काही कळत नाही.

म्हणून कंपनीच्या नावाआधी लेबल वाचा. खत नियंत्रण आदेश 1985 नुसार द्रवरूपात मिलिलिटरला किमान 10 कोटी आणि पावडरीत ग्रॅमला 5 कोटी जिवंत जीवाणू हवेत. वापराची अंतिम मुदत किंवा बॅच नंबर पुसट असेल तर बाटली तिथंच ठेवा. दुकानात ती कुठं ठेवलीय तेही बघा. मे महिन्यात पत्र्याखाली, युरियाच्या थप्पीवर तापलेली बाटली फुकट दिली तरी नको. तळाला साका बसला असेल तर घाबरू नका, हलवल्यावर मिसळतो. फुगलेली किंवा कुजका वास येणारी बाटली मात्र बदलूनच घ्या. आणि सोयाबीनचं रायझोबियम (शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करणारे जीवाणू) उसाला चालत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

बेणेप्रक्रियेत चुकतं ते क्रमात. आधी 100 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) आणि 300 मिली मॅलॅथिऑन (कीटकनाशक) घालून टिपऱ्या, म्हणजे लागणीचे उसाचे तुकडे, 10 ते 15 मिनिटं बुडवायच्या. बाहेर काढून सावलीत निथळू द्यायच्या. मग दुसऱ्या बॅरलमध्ये जीवाणूंचं द्रावण, तिथं अर्धा तास. पावडर असेल तर हेक्टरी 10 किलो अ‍ॅसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो पीएसबी, म्हणजे एकराला 4 किलो आणि अर्धा किलो. बाटलीचं प्रमाण लेबलवर असेल तेच धरा. वेळ वाचवायला सगळं एकाच बॅरलमध्ये ओतलं की औषधानं जीवाणू मरतात आणि खर्च पाण्यात जातो. नळाचं क्लोरीनचं पाणीही नको, विहिरीचं घ्या. बुडवलेल्या टिपऱ्या उन्हात पडू न देता लगेच सरीत लावा.

आता नत्राचं. शिफारशीत 50 टक्के नत्र आणि 25 टक्के स्फुरद कमी करा असं सांगितलंय. अ‍ॅसिटोबॅक्टर उसाच्या आत राहून हवेतला नत्र धरतो आणि नत्राचा भडिमार झाला की त्याची संख्या घटते. त्यामुळं बेणेप्रक्रिया करून युरिया पूर्वीइतकाच टाकणं म्हणजे दोन्हीकडून तोटा. तरी पहिल्या वर्षी एकदम निम्मा करू नका. सुरू उसाला (डिसेंबर ते फेब्रुवारीत लावलेल्या) एकरी 100 किलो नत्र धरलं तर चौथा हिस्सा कमी करा. म्हणजे साधारण 54 किलो युरिया कमी, 45 किलोची एक गोणी आणि वर थोडा. शेजारी चार सऱ्या प्रक्रिया न करता, पूर्ण खतावर ठेवा आणि तोडणीला दोन्हींचं वजन वेगळं करा.