ऑडिओबुक ॲपचा वापरानंतरचा अनुभव: पुस्तकं चांगली, पण आमची बोली वाचायची कुणी?

परवा खात्यातनं पुन्हा पैसे गेले, त्यामुळं हे लिहायचा मुहूर्त लागला. ॲपचं नाव लिहीत नाही. मराठी ऑडिओबुकं देणाऱ्यांपैकी एक, एवढं पुरे. वर्गणी, डाउनलोड, स्पीड, स्लीप टायमर हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही.

माझी गरज साधी होती. घर कोल्हापुरात, नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, फौंड्रीच्या क्वालिटी विभागात. कंपनीची बस तावडे हॉटेलजवळ हायवेला लागते आणि गोकुळ शिरगाव, कणेरीवाडी करत लक्ष्मी टेकडीपर्यंत पोचायला सहापदरीकरणाच्या कृपेनं हवा तेवढा वेळ घेते. बसमध्ये पुस्तक उघडलं की मला गाडी लागते. करवीर नगर वाचन मंदिराचा मी जुना सभासद, घरातही पुस्तकांची कमी नाही, पण शिफ्ट करून आल्यावर रात्री चार पानांत डोळा लागतो. तेव्हा म्हटलं कानानं वाचू.

सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'नं केली आणि पहिल्याच फटक्यात पैसे वसूल झाले. हे पुस्तक मी कॉलेजात परीक्षेसाठी वाचलेलं, म्हणजे न वाचल्यासारखंच. १९३४ पासून भागाभागानं आलेलं आत्मचरित्र. बाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या, त्यामुळं वाक्य लिहिल्यासारखं लागतच नाही, ओसरीवर बसून सांगितल्यासारखं लागतं. वडिलांच्या सोवळ्याचं वेड, नवऱ्याचा लहरी स्वभाव, तो १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावर झालेली ताटातूट. एवढं सगळं सोसून रडगाणं कुठंच नाही. दुःखाचं सांगता सांगता मधेच असं काही बोलून जातात की मी बसमध्ये एकटाच मोठ्यानं हसलो आणि शेजारच्या वेल्डरनं माझा एक इअरफोन काढून आपल्या कानात घातला. वाचणाऱ्या बाईंनी नाटक केलं नाही, प्रत्येक पात्राला वेगळा आवाज काढला नाही. सरळ वाचलं. त्या जोरावर मी एकदम लांब मुदतीची वर्गणी भरून टाकली.

मग हळूहळू कळायला लागलं की प्रत्येक पुस्तक कानाला चालत नाही. 'ययाति' थोडी ऐकून थांबवली. १९५९ ची कादंबरी, १९७४ चं ज्ञानपीठ, मराठीतलं पहिलं. खांडेकर कोल्हापुरात राहिले, शिवाजी विद्यापीठात त्यांचं संग्रहालय आहे, म्हणजे इथल्या माणसानं वाकडं बोलू नये. तरी बोलतो. खांडेकरांचं दर तिसरं वाक्य वहीत उतरवून घेण्याजोगं असतं, आणि चालत्या बसमध्ये वही कुठली? तीन-चार उपमा सलग आल्या की माझं लक्ष खिडकीबाहेरच्या उसाच्या ट्रॉलीकडं जातं. शिवाय ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आळीपाळीनं आपापली बाजू सांगतात. पुस्तकात वर नाव छापलेलं असतं. खड्ड्यात कान निसटला की राजा बोलतोय का राणी, पत्ता लागत नाही. ही काय ॲपची चूक नव्हे. कादंबरी डोळ्यांनी वाचायची आहे, संपलं.

आता खरं दुखणं. आमच्याच भागात घडणारी एक ग्रामीण कादंबरी ॲपवर दिसली. नाव सांगत नाही, लेखकाचा त्यात काही दोष नाही. मी ती आधी दोनदा वाचलेली. लावली, आणि पहिला गावकरी तोंड उघडतो तोच बोलणाऱ्याच्या आवाजात ते टीव्हीवरचं विनोदी गाव शिरलं. हेल काढून, शब्द लांबवून, प्रत्येक 'व्हय' आणि 'न्हाई'वर हशा अपेक्षित असल्यासारखं. कर्ज मागायला गेलेला माणूसही तसाच बोलतो, पोराला साप चावलेली आईही तशीच. निवेदनाचा भाग मात्र स्वच्छ, गंभीर, बातम्या द्याव्यात तसा. म्हणजे लेखक शहाणा आणि त्याची माणसं गमतीची.

हेही एक वेळ सोसलं असतं. पण पुढं त्यातली म्हातारी चिडून घर सोडून निघते, तिथं वाचणारा म्हणाला, 'मी जाते'. मी पंधरा सेकंद मागं घेतलं. 'जाते'च. कोल्हापूरकडच्या बाईमाणसाला विचारा, ती 'मी जातो' म्हणते. 'मी जेवलो', 'मी आलो'. शेजारच्या कन्नडमध्ये 'मी'सोबतच्या क्रियापदाला लिंग नसतंच, आमचा शेजारधर्म म्हणा. वाचनालयातनं पुस्तक आणून बघितलं, कागदावर ठसठशीत 'जातो' छापलंय. म्हणजे लेखकानं कान देऊन लिहिलेलं, आणि स्टुडिओत कुणाला तरी ते मुद्रणदोष वाटलं. पुढं लक्ष ठेवून ऐकलं तर पुस्तकभर हेच. सगळ्या बायका व्याकरणशुद्ध करून टाकलेल्या, हेल मात्र गावठी ठेवलेला! बायको म्हणाली, एवढं काय त्यात. कास्टिंगमध्ये केसाएवढी भेग दिसली तरी आम्ही माल परत पाठवतो, एवढंच तिला सांगितलं.

ॲपच्या मदत विभागाला मुद्देसूद ईमेल केली. कोणत्या प्रकरणात, किती मिनिटाला, छापील पान कुठलं. उत्तर इंग्रजीत आलं: कॅशे साफ करून ॲप पुन्हा टाकून बघा. मी पुन्हा लिहिलं की आवाज नीट येतोय, वाचणाऱ्यानं चुकीचं वाचलंय. तर इंटरनेटचा वेग तपासायला सांगितलं. तिसऱ्यांदा मराठीत लिहिलं, त्याला उत्तरच नाही. तक्रार क्रमांकासमोर मात्र 'निराकरण झाले' असं हिरव्या अक्षरात आलं.

त्या रागात घरातलं 'गोतावळा' काढलं. आनंद यादव मूळचे कागलचे, म्हणजे माझ्या कंपनीच्या दारातलेच. सगळी कादंबरी नारबा नावाच्या शेतगड्याच्या बोलीत, निवेदनासकट. मालकाच्या शेतावर ट्रॅक्टर येतो आणि त्याच्या जिवाभावाची जनावरं एकेक करून जातात. रविवारी दार लावून मोठ्यानं वाचून बघितलं. हेल काढायची काही गरज लागत नाही. वाक्यातच तो चढउतार आहे, श्वास कुठं घ्यायचा ते लिहिणाऱ्यानं ठरवून ठेवलंय. बोली म्हणजे विनोद हे आम्हाला कुणी शिकवलं कळत नाही. शंकर पाटील पट्टणकोडोलीचे. माडगूळकर, मिरासदार आणि ते, तिघांनी गावोगाव कथाकथन करून लोकांना पोट धरून हसवलं, पण तिथं हसू माणसाच्या फजितीला होतं, त्याच्या 'न्हाई'ला नव्हतं. आणि हो, असली कथा एक पूर्णांक पाव स्पीडवर ऐकायची सवय असेल तर ती सोडा. ऐकणाऱ्याला फसवायला ठेवलेली थांबायची जागाच त्यात खलास होते.

इथवर माझं मत पक्कं झालेलं: ॲप बंद करायचं. ॲप काढूनही टाकलं. तेवढ्यात आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, टीव्ही बंद, दिवसभर बसून कंटाळली. तिच्यासाठी पुन्हा टाकलं आणि मुद्दाम नव्हे, पण तीच कादंबरी आधी वर आली. आईचं शिक्षण चौथी, पोथीपलीकडं पुस्तक माहीत नाही. पाच मिनिटं ऐकून म्हणाली,

"ह्यो कुठला रं? आमच्यात असं कोण बोलतंय?"

मला हुरूप आला. म्हटलं, बंद करतो, दुसरं लावतो.

"ऱ्हाऊ दे की. वाचतोय त्यो बरा. म्हातारीचं फुडं काय झालं त्ये तर कळू दे."

मग ती त्याला दुरुस्त करत ऐकायला लागली. तो 'जाते' म्हणाला की ही इकडनं 'जातो म्हण की!' वाक्य लांबवलं की 'बास बास'. सगळी कादंबरी अशी भांडत भांडत पुरी केली. मधेच मला हाक मारून, "जरा थांबीव ते. मी च्या घिऊन येतो, मग लाव." तिला गोष्ट पाहिजे होती आणि ती मिळत होती. मला वाटलं होतं तेवढं ते वाचन टाकाऊ नसावं, असं आता नाइलाजानं म्हणावं लागतंय. तारे द्यायचे तर आधी दोन देणार होतो, आईमुळं तीन. 'जाते'चा अर्धा तारा मात्र कापलेलाच राहील.

पैशाचं सांगतो, कारण तिथं बरेच जण अडकतात. ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही. भरताना आपण यूपीआय ऑटोपेला मंजुरी दिलेली असते, ती तशीच चालू राहते. पैसे जायच्या किमान चोवीस तास आधी कळवायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मलाही मेसेज आला होता, ऑफरच्या ढिगात दिसला नाही. मदत विभागाच्या मागं लागण्यापेक्षा आपल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा भाग उघडा, तिथं ती मंजुरी दिसते आणि तिथल्या तिथं रद्द करता येते. माझे गेलेले पैसे परत देणार नाही म्हणाले. मुदत संपेपर्यंत वसूल केल्याशिवाय मीही सोडणार नाही, सकाळी मी आणि दिवसा आई अशा दोन पाळ्या चालू आहेत.

परवडतं का? तीनशे पानांची कादंबरी ऐकायला साधारण दहा-अकरा तास जातात. येता-जाता ऐकणाऱ्याचं महिन्यात दोन-तीन पुस्तकांच्या वर होत नाही, आणि तेवढी वाचनालयातनं याच्यापेक्षा कितीतरी स्वस्तात होतात. बसमध्ये गाडी लागत नसेल तर घेऊच नका. घेतलंच तर महिन्याचं घ्या, आणि आत्मचरित्रं, आठवणी, प्रवासवर्णनं ऐका, ती कानाला बरी बसतात.

एक विचारायचं आहे. राजन गवस यांच्या 'तणकट'ला २००१ साली आणि कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला २०२३ साली साहित्य अकादमी मिळाली, दोन्ही आमच्या जिल्ह्यातले. गडहिंग्लजकडची बोली वेगळी, पन्हाळ्याकडची वेगळी. त्या त्या भागातल्या माणसानं, हेल न काढता वाचलेलं असं काही कुणाच्या ऐकण्यात असेल तर कळवा. आई आता पुढचं काय म्हणून विचारतेय, आणि घरातलं संपलंय.