प्रेशर वॉशर घेताना: हलके यंत्र, इंडक्शन मोटरचे यंत्र की बागेतला एचटीपी पंप?

प्रेशर वॉशर घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी बार, म्हणजे पाण्याच्या दाबाचा आकडा, किती ते पाहतात, आणि पेटीवर ज्याचा आकडा मोठा ते यंत्र चांगले असे धरून चालतात. माझ्या मते, निदान छतावरच्या टाकीवर चालणाऱ्या घरांपुरते, यंत्राला पाणी कुठून आणि किती जोराने मिळणार आहे हा प्रश्न त्या आकड्याच्या आधी यायला हवा. आमचे घर गुहागर तालुक्यात आहे. त्यातल्या काही खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, दारात एक चारचाकी आणि दोन दुचाक्या असतात, आणि पावसाळा सरता सरता जांभ्याचा गडगा (कुंपणाची दगडी भिंत) व अंगणातली फरशी शेवाळाने पार काळवंडून जाते. म्हणजे वापर निव्वळ घरगुती नाही, आणि वॉशिंग सेंटरसारखा दिवसभराचाही नाही. अशा मधल्या स्थितीत असलेल्यांनाच निवड करणे अवघड जाते, आणि त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे.

पर्याय तीन आहेत. पहिला, कार्बन ब्रशच्या मोटरचे हलके घरगुती यंत्र, जे एका हाताने उचलून कुठेही नेता येते. दुसरा, इंडक्शन मोटर आणि पितळी पंप असलेले जड यंत्र, ज्याची किंमत साधारण दुप्पट पडते. तिसरा, आपल्याकडे आंबा बागायतदारांच्या घरी बहुधा आधीपासूनच असलेला एचटीपी पंप, ज्याने मोहोरावर तुडतुडे आणि भुरीसाठी फवारणी केली जाते.

हलक्या यंत्राबद्दल मला अनादर नाही. गाडी धुणे, खिडक्यांच्या जाळ्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, पंख्यांची पाती अशा कामांना ते पुरेसे आहे. मिनिटाला सहा-साडेसहा लिटर पाणी ते घेते, म्हणजे दहा मिनिटांत तीन बादल्या आणि वर थोडे. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला गेल्यावर ही काटकसर फार मोलाची वाटते. ब्रशची मोटर प्रचंड वेगाने फिरते, त्यामुळे आवाज कर्कश येतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी तिला विश्रांती द्यावी लागते. महिन्यातून दोन वेळा गाडी धुणाऱ्याला या दोन्ही गोष्टी चालून जातील.

मला चालले नाही ते वेगळेच. धाकट्या भावाचे असेच एक यंत्र चिपळूणला आहे. त्याच्या इमारतीत प्रेशर पंप असल्याने नळाला भरपूर जोर असतो, आणि तिथे ते यंत्र तक्रारीला जागा न ठेवता काम करते. तेच यंत्र बरेच दिवस आमच्याकडे होते आणि इथे ते सतत अडखळत राहिले. कारण सोपे आहे. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक बार होतो. आमची टाकी नळापासून जेमतेम चार-पाच मीटरवर, म्हणजे नळाला अर्धा बार मिळायचीही मारामार. त्यात जुनी जीआयची लाइन आतून गंजून बारीक झालेली, आणि पुढे बागेची लांब पाइप. यंत्राला हवे तेवढे पाणी मिळेना. गनचा चाप ओढला की पहिले काही क्षण धार व्यवस्थित येई, मग ती मध्येच फाटे, मोटरचा आवाज एकदम चढे, हातातली गन झटके देई, पुन्हा धार सावरे आणि पुन्हा तुटे. गडग्यावरचा एक चिरा साफ करायला किती वेळ लागतो यापेक्षा धार आता कधी तुटेल याकडेच माझे लक्ष लागून राहिलेले असे. असे वारंवार होत राहिले तर पंपाचे सीलही लवकर खराब होतात, कारण पाण्याबरोबर हवा जाते आणि सीलना ओलावा व गारवा मिळत नाही.

हाताळण्याजोगी घरगुती यंत्रे जर्मनीतल्या कार्चर कंपनीने १९८४ मध्ये बाजारात आणली. तिकडच्या देशांत नळाला थेट दोन-तीन बारचा दाब असणे ही सामान्य गोष्ट आहे. आज आपल्याकडे मिळणारी बहुतेक हलकी यंत्रे त्याच घडणीची आहेत आणि मागून पाणी जोराने येणार असे गृहीत धरूनच ती बनवलेली असावीत, असे मला वाटते. त्यांतली काही बादलीतून पाणी ओढतात हे खरे, पण त्यासाठी शोषणाची पाइप पूर्ण बुडवून तिच्यातली हवा काढायची, मग ती यंत्राला जोडायची, पुढची नळी काढून चाप दाबून ठेवायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहायची, असा सगळा विधी दर वेळी करावा लागतो. कपलिंगची एखादी रबरी रिंग किंचित सैल असली तरी हवा पुन्हा आत शिरते.

आपल्या नळाचा अंदाज घ्यायचा एक साधा उपाय आहे. जिथे यंत्र ठेवणार तिथपर्यंत पाइप ओढून वीस लिटरची बादली भरून पाहावी. तिला अडीच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर मिनिटाला आठ लिटरही पाणी येत नाही असे समजावे आणि नळाला थेट जोडायच्या हलक्या यंत्राचा विचार जपून करावा.

इंडक्शन मोटरचे यंत्र मी या एका त्रासापायी घेतले. त्याचा पंप बराच सावकाश फिरतो. दोन पोलची मोटर मिनिटाला २,८०० च्या आसपास फेरे घेते आणि चार पोलची १,४०० च्या आसपास. जितका वेग कमी तितका पंपाच्या व्हॉल्व्हना भरून घ्यायला वेळ मिळतो, आणि कमी जोराच्या पाण्यावरही तो शांतपणे चालतो. मी त्याला नळ जोडतच नाही. दोनशे लिटरचे पिंप भरून ठेवतो, शोषणाच्या पाइपला जाळीचा फूटव्हॉल्व्ह (पाणी मागे परतू न देणारी झडप) लावतो, आणि पिंप यंत्रापेक्षा थोडे उंचावर, पडवीच्या पायरीवर ठेवतो, म्हणजे हवा काढण्याचा त्रास उरत नाही. नळाला पाणी असो वा नसो, काम अडत नाही. धार शेवटपर्यंत एकसारखी राहते, आणि शेजारच्या खोलीत पाहुणे झोपलेले असतील तरी सकाळी आठ वाजता यंत्र लावायला संकोच वाटत नाही. आवाज मी मोजलेला नाही, पण यंत्र चालू असताना अंगणातल्या माणसाशी बोलता येते, जे हलक्या यंत्राच्या बाबतीत शक्य नव्हते.

पितळी पंपाचे महत्त्व मला समुद्राजवळ राहत असल्यामुळे अधिक वाटते. उन्हाळ्यात आमच्या भागातल्या काही विहिरींचे पाणी मचूळ होते, आणि ॲल्युमिनियमच्या पंपाला अशा पाण्याने लवकर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. तांबड्या मातीचा बारीक गाळ तर कुठल्याही पंपाचा शत्रू आहे, म्हणून आत येणाऱ्या पाण्याची जाळी दर वेळी काढून धुवावी. तेवढे करायला मिनिटही लागत नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. हे यंत्र जड आहे. वरच्या मजल्यावरच्या गच्चीत चढवायचे तर दोन माणसे लागतात. शिवाय पावसाळ्यात व्होल्टेज उतरते तेव्हा इंडक्शन मोटर नुसती घूं घूं करत राहते आणि सुरूच होत नाही, आणि तशीच चालू ठेवली तर कपॅसिटर किंवा वाइंडिंग जळण्याची भीती असते. ब्रशची मोटर अशा वेळी मंद का होईना, पण फिरते. ज्यांच्याकडे दिवे संध्याकाळभर मिणमिणतात त्यांनी हा मुद्दा हलका समजू नये. यंत्र कोणतेही घेतले तरी सोळा अँपिअरचा सॉकेट, अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. ओल्या फरशीवर, कित्येकदा अनवाणीच, उभे राहून विजेचे यंत्र चालवले जाते, तिथे यात काटकसर करू नये.

एचटीपी पंपाविषयी लोक मला नेहमी विचारतात, कारण तो घरात असतो आणि नवा खर्च वाचतो. त्याचा दाब वीस ते चाळीस बारच्या घरात, पण पाणी भरपूर, मिनिटाला वीस-तीस लिटर. हा फरक कामाच्या जातीनुसार तोट्याचा ठरतो किंवा फायद्याचा. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा भावाच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर गाळ साचला होता. फावड्याने वरचा थर काढल्यावर उरलेला चिखल उंबऱ्याबाहेर ढकलायला एचटीपीची भरघोस धारच उपयोगी पडली. शंभर बारच्या बारीक धारेने तो चिखल नुसता भिंतींवर उडाला असता. ट्रॅक्टरची चाके, गोठा, ट्रकचा खालचा भाग यांनाही तो उत्तम, आणि तेल व पॅकिंग पाहत राहिले तर दिवसभर चालतो. म्हणूनच वॉशिंग सेंटर काढणाऱ्याने, पाण्याची सोय असेल तर, याच जातीच्या पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाकडे पाहावे. फरशीत रुजलेले शेवाळ मात्र त्याने निघत नाही, फक्त ओले होते. आणि फवारणीचे पिंप व नळी धुण्यासाठी अजिबात वापरू नये. कीटकनाशकाचा अंश नळीत राहतो. तीच धार पाण्याच्या टाकीजवळ किंवा मुलांच्या सायकलीवर पडू देणे योग्य नाही. पंप तोच ठेवला तरी नळी, गन आणि पिंप वेगळे ठेवावे.

जांभ्यावर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. हा दगड सच्छिद्र आणि मऊ. टोकदार शून्य अंशाच्या नोझलने शेवाळाबरोबर चिऱ्याचा पृष्ठभागही सुटून येतो आणि तिथे खळगा पडतो. मी पंचवीस किंवा चाळीस अंशाचे पसरट नोझल लावतो, हातभर अंतर ठेवतो आणि वरून खाली येतो. सांध्यातला चुना किंवा सिमेंट ज्या ठिकाणी आधीच भुगा झाले आहे तिथे ब्रश बरा. या कामाला म्हणूनच फार मोठ्या बारची गरज पडत नाही, एकसंध धारेची पडते.

पुण्या-मुंबईत इमारतीच्या पार्किंगमध्ये जोराचा नळ असेल आणि काम एका गाडीपुरते असेल, तर हलके यंत्र घ्यावे, त्यात पैसे आणि जागा दोन्ही वाचतात. पण टाकीचे किंवा पिंपाचे पाणी, जांभ्याचे अंगण आणि तासभर सलग चालणारे काम असेल, तर मी इंडक्शनच्या बाजूने कौल देईन, जास्तीचे पैसे गेले तरी. दुकानात यंत्र पाहताना नळाला लावून दाखवलेल्या धारेवर समाधान मानू नये. बादलीत पाइप टाकून यंत्र चालवून दाखवायला सांगावे, पाच-सात मिनिटे चाप धरून ठेवावा, आणि सील किट व कपॅसिटर जवळच्या बाजारात मिळतात की पुण्याहून मागवावे लागतात हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावे.