२५ स्लाइड्सचा ऊती-संच: लहान आतड्यासाठी घ्यावा असा

शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांसाठी मिळणारा तयार स्लाइड्सचा हा लाकडी पेटीतला संच घ्यावा का? लहान आतड्याच्या एका स्लाइडसाठी जरूर घ्यावा. बाकीच्या बहुतेक स्लाइड्स ऊती, म्हणजे एकसारखं काम करणाऱ्या पेशींचे समूह, सुट्या दाखवतात. ऊती जुळून अवयव कसा बनतो, हे या आडव्या छेदात दिसतं.

आधी लो पॉवरला सगळा काप फिरून पाहा, मग हाय पॉवरला व्हिलायची, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूच्या बोटांसारख्या उंचवट्यांची, कड धरा. स्तंभीय पेशींची एकच रांग, केंद्रकं तळाशी ओळीने, मधूनमधून श्लेष्म बनवणाऱ्या फिक्या, फुगीर चषक पेशी. व्हिलायच्या गाभ्यात संयोजी ऊती आणि केशवाहिन्या. बाहेरच्या बाजूला अनैच्छिक स्नायूंचे दोन थर आहेत. आतला गोलाकार, म्हणून त्याचे तंतू लांबट दिसतात. बाहेरचा उभा, म्हणून त्याचे नुसते ठिपके. मुलं या दोन वेगळ्या ऊती समजतात. ऊती एकच, फक्त तंतूंची दिशा वेगळी, हे इथेच पटवून द्या. दोन थरांच्या मध्ये चिकाटीने शोधलं की मोठ्या केंद्रकांच्या चेतापेशींचे पुंजके सापडतात. अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता, अशा चारही प्रकारच्या ऊती एका काचेवर!

मूत्रपिंडाची स्लाइड मात्र निराश करते. काप साधारण ५ ते ७ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवा. हा जाड आहे. त्यामुळे केंद्रकं एकावर एक येतात आणि घनाभरूप पेशींचा एकेरी थर बहुस्तरी वाटतो. फाइन फोकस सावकाश फिरवा: त्याच जागी एक केंद्रक धूसर होऊन दुसरं स्पष्ट झालं, तर काप जाडच. हृदयस्नायूतल्या पेशींना जोडणाऱ्या चकत्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंगजोडीत ठळक उठत नाहीत. सूक्ष्मदर्शीचा डायफ्राम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) थोडा मिटून पाहा. सूर्यफुलाचं खोड सुरेख रंगवलंय, जलवाहिन्या लाल, रसवाहिन्या हिरव्या. रक्ताची स्लाइडही उत्तम. तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रॉनची, म्हणून आतड्याच्या केशवाहिनीत ती दिसली की शेजारच्या पेशींच्या आकाराचा अंदाज बांधता येतो.

पेटी ताब्यात घेताना प्रत्येक काच उजेडात तिरपी धरा. कव्हरस्लिपच्या (कापावरच्या पातळ काचेच्या) कडेने डीपीएक्स, म्हणजे ती चिकटवणारं पारदर्शक द्रव्य, आटलं असेल तर ती स्लाइड तिथेच बदलून घ्या, हवा आत शिरतच जाते. सूक्ष्मदर्शीखाली काळ्या कडांचे गोल दिसले तर ते बुडबुडे, पेशी नव्हेत. कव्हरस्लिप नेहमी वर ठेवा. स्लाइड उलटी पडली तर ४०एक्सच्या भिंगाला फोकस होत नाही आणि ते टेकून काच तडकते. पेटी बंद कपाटातच हवी, उजेडात इओसिनचा गुलाबी रंग उतरतो.