6पी14 स्टीरिओ व्हॉल्व्ह अ‍ॅम्प किट: घ्या, पण आधी 240 व्होल्टचा बंदोबस्त करा

ऑनलाइन मिळणारं हे चिनी सिंगल-एंडेड (दर चॅनलला एकच आउटपुट व्हॉल्व्ह असलेलं) किट घ्यावं का? घ्यावं. फक्त आलं तसं जोडून थेट प्लगला लावू नये. 6पी14 हा आउटपुटचा व्हॉल्व्ह (काचेची व्हॅक्यूम ट्यूब), म्हणजे आपल्या जुन्या रेडिओतला ईएल84च. त्याच्या आधी ड्रायव्हर (सिग्नल वाढवून देणारा व्हॉल्व्ह) म्हणून 6एन2, आणि दर चॅनलला साधारण 4 ते 5 वॅट.

खरी मेख पॉवर ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. त्याची प्रायमरी (मेन्सला जोडायची वाइंडिंग) 220 व्होल्टची. आपल्याकडे लाइन 230ची, आणि लोड कमी असला की 240सुद्धा दिसते. मग हीटरला (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला) 6.3ऐवजी जवळजवळ 6.9 व्होल्ट मिळतात आणि एचटीही (प्लेटसाठीचा उंच डीसी पुरवठा) तेवढ्याच प्रमाणात चढते. ईएल84ची प्लेट (करंट गोळा करणारा आतला पत्रा) 12 वॅटच्या वर नेऊ नये. 250 व्होल्ट आणि 48 मिलिअँपला ती मर्यादा आधीच गाठलेली असते, म्हणजे वर चढायला जागाच नाही.

उपाय स्वस्त आहे. दोन 6पी14चे प्रत्येकी 0.76 आणि 6एन2चे 0.34 मिळून हीटरचा करंट 1.86 अँप होतो. त्या वायरीत 0.33 ओहम, 5 वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला की 0.6 व्होल्ट पडतात. एचटीत पहिल्या आणि दुसऱ्या फिल्टर कॅपॅसिटरच्या मध्ये 180 ओहम, 5 वॅट. 110 मिलिअँपला सुमारे 20 व्होल्ट उतरतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे दोन्ही सहज मिळतात. सोबत पहिल्या कॅपॅसिटरवर 220 किलोओहम, 2 वॅटचा ब्लीडर (बंद केल्यावर कॅपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) घ्या. तो लावूनही बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि मीटरने बघूनच आत हात घालायचा.

पहिल्यांदा चालू करताना 100 वॅटचा तारेचा बल्ब मेन्सच्या वायरीत सिरीजमध्ये असलेला सिरीज बोर्ड हवाच. व्हॉल्व्ह न लावता बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. तसाच तापत राहिला तर डायोड किंवा कॅपॅसिटर उलटा बसलाय. मग फक्त 6एन2 लावून 6पी14च्या सॉकेटची 2 नंबरची पिन (ग्रिड, जिथे सिग्नल येतो) मोजा. तिथे डीसी शून्याच्या आसपास हवा. व्होल्टभर जरी दिसला तर कपलिंग कॅपॅसिटर (6एन2कडून सिग्नल सोडून डीसी अडवणारा) गळतोय. तो बदलल्याशिवाय 6पी14 लावलात तर प्लेट लाल होईल. नंतर स्पीकर किंवा 8 ओहमचा लोड जोडून सगळं लावा (लोडशिवाय कधीच नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो) आणि बल्ब काढून कॅथोड, म्हणजे 3 नंबरची पिन मोजा. तिथल्या 150 ओहमच्या रेझिस्टरवर 7.5 व्होल्ट आले तर 50 मिलिअँप. त्यातले पाचेक स्क्रीनचे (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या ग्रिडचे). उरलेले 45 गुणिले प्लेट ते कॅथोड 250 व्होल्ट, सव्वाअकरा वॅट. उत्तम.

चालू करताच कर्कश शिट्टी आली तर घाबरू नका. फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत आत देणारी जोडणी) उलटा लागलाय, त्या चॅनलच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या वायरी अदलाबदल करा. हमचं (मेन्सच्या गुणगुणीचं) मात्र एकच एक कारण नसतं. हीटरच्या वायरी पीळ देऊन चॅसिसच्या कोपऱ्यातून न्या, दोन्ही टोकांवरून 100-100 ओहम अर्थला द्या, आणि इनपुटचा अर्थ चॅसिसला एकाच ठिकाणी जोडा. तरीही गुणगुण उरली तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर पॉवर ट्रान्सफॉर्मरशी काटकोनात फिरवून बघा.

आवाज? मधली पट्टी, विशेषतः गळा आणि सारंगी, या किमतीत तक्रारीला जागा ठेवत नाही. बास मात्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाएवढाच. छोटा आणि हलका असेल तर तबल्याचा डग्गा पोकळ वाजतो, आणि महागडे कॅपॅसिटर लावून तो सुधारत नाही. 88 डीबीच्या स्पीकरवर 5 वॅटमध्ये मीटरभर अंतरावर 95 डीबी मिळतात. खोलीला पुरेसे, हॉलला नाही. 92 डीबीच्या पुढचे स्पीकर असतील तर मजा.

व्हॉल्व्ह बदलायचे असतील तर बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्सचा) जुना ईएल84 सरळ बसतो. 6एन2च्या जागी त्याच्यासारखाच ईसीसी83 व्हॉल्व्ह मात्र नुसता खोचू नका. सॉकेटमध्ये बसतो, पण हीटरची जोडणी वेगळी. 4 आणि 5 पिनांवर त्याला 12.6 व्होल्ट लागतात, इथे मिळतात निम्मे. 4-5 एकत्र करून दुसरं टोक 9 वर घेतलंत तरच चालेल.