दोन घरं, एक वही : अकरा महिने वापरल्यानंतर

वस्तू म्हणाल तर साधी दोनशे पानी लाँगबुक, पुठ्ठ्याच्या बांधणीची. नागपुरात सीताबर्डीवर कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. तिच्या पहिल्या पानावर लेक कधी कोणाकडे राहणार याचं, आम्हा दोघा आईबापांच्या सह्यांचं वेळापत्रक चिकटवलंय. गेल्या ऑगस्टपासून हे बाड माझ्या लेकीच्या दप्तरात असतं आणि तिच्यासोबत प्रतापनगर ते मनीषनगर अशा चकरा मारतं. आमचा घटस्फोट झालाय; प्रतापनगरला ती आईकडे राहते, मनीषनगरला माझ्याकडे येते, आणि एका घरचं दुसऱ्या घरी कळावं म्हणून ही वही. यंदा चौथीत गेली.

पाचापैकी चार तारे. एक का कापला ते ओघात येईलच.

ही कल्पना माझी नाही. आपसी संमतीनं घटस्फोट घ्यायचा असला तरी कौटुंबिक न्यायालयात आधी समुपदेशकासमोर बसावं लागतं. तडजोडीचा प्रयत्न करणं 1984 च्या कायद्यानं न्यायालयावर बंधनकारकच आहे. मी गेलो तो बायकोच्या चुकांची मोठी यादी घेऊन. समुपदेशक बाईंनी ती बघितलीसुद्धा नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मुलीला रविवारी तुमच्याकडे खोकला सुरू झाला, तर सोमवारी तिच्या आईला कसं कळणार?" मी म्हटलं, मुलगी सांगेल ना. "म्हणजे तुमच्या घरची निरोप्या तीच का?" यावर मला काही बोलता आलं नाही. त्याच संध्याकाळी वही घेतली.

आधी वेळापत्रकाबद्दल, कारण वही त्याच्या जोरावर चालते. आमचा अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली होता. त्यात आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि पहिल्या अर्जानंतर पुन्हा सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात सांगितलंय, आणि आमच्या ओळखीत सगळे तेच सुचवत होते : "काहून थांबता, सूट मागून मोकळे व्हा." आम्ही नाही मागितली. त्या काळात वेळापत्रक वापरून पाहिलं, आणि पाहिलं ते बरंच झालं, कारण पहिला कागद साफ फसला.

त्यात दर रविवार माझा होता आणि बुधवारची रात्रही माझी. कागदावर छान दिसत होतं. प्रत्यक्षात लेकीच्या आईला सुट्टीचा एकही दिवस तिच्यासोबत मिळेना. तिच्या वाट्याला फक्त डबा, गृहपाठ आणि 'लवकर आटप' एवढंच आलं, मजा सगळी माझ्याकडे. आणि गुरुवारी शाळेत पीटी. बुधवारी रात्री नऊला कळायचं की पांढरे बूट प्रतापनगरला राहिले. चार गुरुवार मी सकाळी सहाला बूट आणायला गाडी काढली. मग बदललं : एक आड एक शुक्रवारी शाळा सुटली की माझ्याकडे, सोमवारी थेट शाळेत. बुधवारी फक्त संध्याकाळचे दोन तास, जेवून परत. हाच सुधारलेला कागद शेवटच्या कन्सेंट टर्म्सला, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींना, जोडला. लेकरू मोठं झाल्यावर हेही तोकडं पडेल, तेव्हा त्याच कायद्याच्या कलम 26 खाली अर्ज करून बदलून घेता येतं. म्हणून 'आता जे लिहू ते जन्माचं' या धाकानं प्रत्येक तासासाठी भांडू नका.

शाळेतून घ्यायचं आणि शाळेतच सोडायचं, याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे दारातला निरोप टळतो. आम्ही दोघं समोरासमोर आलो की लेक एकदम शहाण्यासारखी वागायला लागते, आणि ते मला बघवत नाही. उन्हाळ्यात मात्र पंचाईत. विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी, तोवर शाळेचं फाटक नाही. मग सीताबर्डी मेट्रो स्टेशन ठरवलं. तिची आई सुभाषनगरहून ॲक्वा लाइननं येते, मी उज्ज्वलनगरहून ऑरेंज लाइननं. दोन्ही लाइनी तिथंच मिळतात, सावली असते, आणि शेजारच्या काकू बाल्कनीत उभ्या नसतात.

आता वही. एक पान म्हणजे एक दिवस. कागदावर नियम एकच : विशेषण लिहायचं नाही. काय खाल्लं, काय औषध दिलं, गृहपाठ किती राहिला, शाळेनं काय मागवलंय, कोणती वस्तू कोणत्या घरी आहे. बस.

हा नियम मोडला कोणी? मीच. सप्टेंबरातली गोष्ट. स्वाध्यायपुस्तिका आली नव्हती म्हणून मी लिहिलं, 'नेहमीप्रमाणे पुस्तिका विसरली.' कोण विसरलं ते लिहिलं नव्हतं, पण वाचणारीला कळावं असंच लिहिलं होतं. संध्याकाळी लेक वही घेऊन स्वयंपाकघरात आली. एका शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, नेहमीप्रमाणे म्हणजे चांगलं की वाईट?" मी पोहे परतत होतो. म्हटलं, चांगलं. ती म्हणाली, "मग आई हे वाचून असं तोंड का करते?" आणि करून दाखवलं. हुबेहूब. म्हणजे आधीचीही पानं दोघींनी वाचली होती, आणि असली वाक्यं त्यात आणखी होती.

तिसरीतलं मूल वाचतं, हे आम्हा दोघांच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्या दिवसापासून पैसे, तक्रारी, तारखांची अदलाबदल हे सगळं ईमेलवर नेलं. व्हॉट्सॲपवर नाही, कारण तिथं रात्री साडेअकराला निळ्या टिका बघत आपण नको ते टाइप करतो. ईमेल सकाळी पाठवायची, आणि चार ओळींच्या वर गेली तर अर्धी खोडायची. हा माझा स्वतःचा नियम, अधूनमधून मोडतो.

वहीनं खरी किंमत वसूल केली ती डिसेंबरात. शुक्रवारी शाळेतून आणली तेव्हा अंग तापलेलं. घरी येऊन थर्मामीटर लावला, 101. औषधाची बाटली हातात घेतली आणि सवयीनं वही उघडली. आईच्या अक्षरात : 'पॅरासिटामॉल 3.30 ला दिलं, शाळेनं फोन केला म्हणून जाऊन. पुढचा डोस 9.30 च्या आधी नको.' घड्याळात पावणेसहा. लेकीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "ते गोड औषध? सकाळी घेतलं वाटते." आठ वर्षांच्या पोरीला तीन आणि सहा यांतला फरक तापात काय सांगायचा. पहिलं पान मी त्या दिवशी पुन्हा वाचलं आणि तिथं पेनानं जोडलं : औषध लिहिताना तास आणि मिनिट.

आणि जिथं कागद आंधळा निघाला ती गोष्ट. सणांची वाटणी आम्ही मोठ्या ऐटीत केली होती. दिवाळीचे दिवस अर्धे-अर्धे, गणपती आलटून पालटून, उन्हाळा निम्मा. वकिलांनी दिलेल्या नमुन्यात जे होतं तेच. तान्हा पोळा त्यात नव्हता. नागपूरबाहेरच्यांसाठी : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीची मिरवणूक निघते त्याच दिवशी, लेकरं लाकडी बैल सजवून घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, मिळतो. लेकीचा बैल माझ्या आईनं घेतलेला, तो मनीषनगरला, दिवाणाखाली. पोर त्या दिवशी प्रतापनगरला. दुपारी फोन आला, रडत : "बाबा, सगळ्यांचे बैल निघाले." मी ऑफिसात. शेवटी माझ्या आईनं तो बैल गोणपाटात बांधून ओळखीच्या ऑटोवाल्याकडे दिला. पोचला तेव्हा दिवे लागले होते. तुमच्या घरचे जे सण नमुन्याच्या कागदात बसत नाहीत, ते आधी लिहा, दिवाळी कोणीही लिहितं.

माझी आई हा वहीच्या वापरातला वेगळाच विषय. एका सोमवारी बघतो तर तिच्या अक्षरात ओळ : 'पोरीच्या केसात कोंडा झाला, तिकडे कोणी पाहत नाही का.' म्हटलं, आई, यात दोघांनीच लिहायचं असतं. "काहून बाप्पा? खोटं लिहिलं का मी?" खोटं नव्हतं, हीच तर अडचण. पान चिकटपट्टीनं बंद केलं. तिकडच्या आजोबांनीही एकदा पाढ्यांवर शेरा मारला होता, तेव्हा फिट्टमफाट.

एक तारा कापला तो यासाठी. वकिलांच्या कार्यालयात सहज वहीचा विषय निघाला तर सल्ला मिळाला, जपून ठेवा, उद्या ताब्याचा वाद झाला तर पुरावा. झालं. पुढचे दोन आठवडे मी वही लेकीच्या आईसाठी नाही, न्यायाधीशांसाठी लिहीत होतो. 'आज मुलीला दोन तास अभ्यासाला बसवले.' तिच्याकडूनही तसंच यायला लागलं. पुराव्याची हाव सुटली की वहीचा उपयोग संपला, आणि हा मोह वहीत अंगभूत आहे, त्यावर कोणताही नियम चालत नाही. आम्ही शेवटी संपलेली वही लेकीच्या कपाटात ठेवायची असं ठरवलं. ती त्यात चित्रं काढते. पुरावा म्हणून आता ती कोणी दाखल करून घेणार नाही.

रोजचा व्हिडिओ कॉल आम्ही सोडला. मुलाला दुसऱ्या पालकाशी फोनवर, व्हिडिओवर बोलता आलं पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयानंही 2020 च्या यशिता साहू निकालात म्हटलंय, आणि बरोबरच आहे. पण रोज साडेसातला 'आज काय केलं?' 'काही नाही' याला बोलणं म्हणत नाहीत. आठवड्यात दोनदा, आणि तिला वाटेल तेव्हा. परवा तिनं फक्त सरडा दाखवायला फोन केला.

कागदपत्रांचं एक सांगतो, आम्हाला ते उशिरा सुचलं. शाळेत लेखी द्या की दोघांचेही नंबर ठेवा आणि मुलीला कोण कोण नेऊ शकतं. आधार, जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड यांच्या प्रती दोन्ही घरी. कंपनीच्या मेडिक्लेममधून बायकोचं नाव निघतं, मुलीचं राहतं, पण कार्ड माझ्या पाकिटात आणि ताप प्रतापनगरला. त्याचा फोटो वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवलाय.

हे कोणासाठी नाही तेही लिहायला हवं. घरात मारहाण असेल, धाक असेल, तर वही नको आणि मेट्रो स्टेशनवरची भेटही नको. तिथं 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, त्यात मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेशही मिळतो. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098. बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो, हे आमच्याकडे फार कमी जणींना माहीत आहे. आणि लेकरू अगदी लहान असेल तर, पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा कायदा साधारणपणे आईकडेच ठेवतो, तिथं मुक्कामाचं वेळापत्रक रेटण्यापेक्षा छोट्या छोट्या पण चुकवायच्या नाहीत अशा भेटी बऱ्या.

पहिली वही मार्चमध्ये संपली. दुसरी लेकीनं निवडली, मांजराच्या चित्राची, महाग आणि पानं पातळ, शाई मागे उमटते. घेऊ नका. यंदा वेळापत्रकात तान्ह्या पोळ्याची वेगळी ओळ आहे : पोळा माझ्याकडे, तान्हा पोळा आईकडे, बैल आदल्या रात्री पोचवायचा. फक्त त्याचं मागचं चाक निखळलंय. परवाच्या पानावर लेकीच्या अक्षरात नोंद आहे : 'बैल लंगडतो. पोळ्याच्या आधी करून आणा.' कोणी, ते लिहिलेलं नाही.