काटा खरं सांगत होता: नकली ब्रॉडहेडचे ८१.९१ डॉलर

बारा फिक्स्ड ब्लेड ब्रॉडहेडचे (शिकारीच्या बाणाला लावायची, न मिटणाऱ्या पात्यांची टोकं) ७४ डॉलर ९६ सेंट, टपालाचे ६.९५. एकूण ८१.९१. त्यात दोन कार्बन बाण बाद झाले, साडेसतराला एक, म्हणजे आणखी ३५. सगळे मिळून ११६ डॉलर ९१ सेंट पाण्यात. रक्कम फार मोठी नाही, मान्य. एवढ्यासाठी कशाला बोंब मारतोस, हेही ऐकून झालंय. पण हे टोक एल्कच्या, म्हणजे भल्यामोठ्या हरणाच्या, बरगड्यांवर सोडायचं होतं. ते जनावराच्या अंगात मोडलं असतं तर हिशेब डॉलरमध्ये झाला नसता. म्हणून लाज गुंडाळून ठेवून लिहितोय.

असले प्रकार कसे चालतात ते सगळ्यांना पाठ आहे. नावाजलेल्या मालाचा फोटो, निम्म्याहून कमी भाव, परदेशातून येणारं पुडकं. मलाही पाठ होतं. दुकानात तीन हेडचं पाकीट ४४.९९ ला, एका ऑनलाइन बाजाराच्या साइटवर तेच १८.७४ ला. 'जुनं पॅकिंग, स्टॉक संपवायचा आहे' असं लिहिलं होतं, आणि पॅकिंग बदललं की दुकानदारही जुना माल स्वस्तात काढतात हे खरंच आहे. त्यामुळे मी अगदीच खुळा होतो असं नाही. विक्रेत्याखालचे शेरे उत्तम होते. ते नंतर नीट वाचले तेव्हा कळलं की निम्मे मोबाइलच्या कव्हरबद्दल होते. शेरा वाचताना तो कोणत्या मालाचा आहे ते आधी बघा.

वर्णनात होतं: वजन १०० ग्रेन (बाणाच्या वजनाचं बारीक माप), तीन बदलता येणारी पाती, कट म्हणजे कापण्याची रुंदी १ इंच, पात्याची जाडी ०.०३० इंच, फेरूल (पाती बसवलेला मधला दांडा) कार्बन स्टीलचा. निवड म्हणून यात चूक काढता येणार नाही. मोठ्या जनावरासाठी फिक्स्ड ब्लेड घेतात ते उगाच नाही: उघडायला काही नाही, त्यामुळे उघडण्यात ताकद खर्च होत नाही आणि ऐनवेळी न उघडण्याची भीती नाही. ४५० ग्रेनचा बाण सेकंदाला २७० फुटांनी गेला तर जवळपास ७३ फूट-पाउंड ऊर्जा मिळते. एल्कला ती पुरते, पण हेड शाबूत राहिलं तरच. डॉ. एड ॲश्बी यांनी बाण जनावरात किती खोल जातो यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या यादीत पहिला क्रमांक धारेचा नाही, वजनाचा नाही, बाण आणि हेड न मोडण्याचा आहे. हे मला तोंडपाठ. आणि घेतलं काय, तर ओतीव भंगार.

पुडकं २१ जूनला आलं. त्याच संध्याकाळी बारा हेड ग्रेनच्या काट्यावर ठेवले. ही सवय चांगली आहे, सगळ्यांनी ठेवावी. पहिला ९७.८. दुसरा ९३.०. तिसरा १०४.६. चौथा ९१.४. चांगल्या कारखान्याच्या एका पाकिटातले तीन हेड एकमेकांत एक-दोन ग्रेनच्या आत येतात. इथे १३.२ ग्रेनची तफावत होती. मी काय केलं? काट्याची बॅटरी बदलली. मग खात्रीसाठी १०० ग्रेनचा जुना फील्ड पॉइंट (सरावाचं बिनपात्याचं टोक) ठेवला. १००.२. तो काढून पुन्हा चौथा हेड ठेवला. ९१.४. काटा अगदी बरोबर होता, हे माझ्याच हाताने मी सिद्ध केलं आणि तरी 'बघू, मारून बघितल्यावर कळेल' म्हणत डबा बंद केला. त्या क्षणी परत पाठवले असते तर एक सेंटही गेला नसता. आजही काटा समोर दिसला की कानशिलं तापतात.

माझी सबब अशी की वजनातल्या फरकाने फारसं बिघडत नाही. ४५० ग्रेनच्या बाणात १३ ग्रेन कमी-जास्त झाले तर ४० यार्डांवर निशाणा वर-खाली इंचभर हलेल, तेवढा तर हात हलला तरी हलतो. सबब खरी आहे, पण मुद्दा तो नव्हताच. ज्याला वजन सांभाळता येत नाही त्याने फेरूल सरळ ठेवला असेल का, पाती तापवून कडक केली असतील का? वजन हा फक्त बाहेर दिसणारा ताप होता. मी ताप बघितला आणि थर्मामीटरला दोष दिला.

पुढचा सगळा जुलै मी धनुष्य ट्यून करण्यात घालवला. नेहमी करतात तसंच: २०, ३०, ४० यार्डांवर आधी फील्ड पॉइंट, मग ब्रॉडहेड, आणि ब्रॉडहेड ज्या बाजूला जातील तिथून फील्ड पॉइंटच्या दिशेने रेस्ट (धनुष्यावर बाण टेकवायचा आधार) १/३२ इंच सरकवायचा. यात एक अट असते, ब्रॉडहेड एका बाजूला जमून पडले पाहिजेत. माझे एक डावीकडे, एक वर, एक भलतीकडेच. असं झालं की रेस्टला हात लावू नका, हेड तपासा. मी रेस्ट सरकवत बसलो आणि चांगलं लागलेलं धनुष्य बिघडवून ठेवलं.

शेवटी रोलरवर बाण फिरवून बघितला, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. फील्ड पॉइंट लावलेला शाफ्ट (बाणाची नळी) स्थिर, त्याच शाफ्टवर हेड लावला की टोक गोल गोल डोलतंय. हेड दुसऱ्या शाफ्टवर लावला, तरी डोलतोय. म्हणजे इन्सर्ट (शाफ्टच्या तोंडातला आटेदार तुकडा) किंवा शाफ्ट वाकडा नाही, दोष हेडचा. हेड बदलूनही डोलणं तसंच राहिलं असतं तर शाफ्टचं टोक चौरस घासून घ्यावं लागलं असतं. बारापैकी सात डोलले. चुंबक लावलं तर फेरूलला चिकटेना. काही जातींचं स्टेनलेस चुंबकाला धरत नाही, म्हणून ही चाचणी करण्याआधी पाकिटावर धातू कोणता लिहिलाय ते वाचा. पण कार्बन स्टील चुंबकाला न धरणं शक्यच नाही. पात्यावर कानस फिरवली तर ती घसरायच्या ऐवजी साबणात शिरावी तशी शिरली. आटे ८-३२ चेच, पण इन्सर्टमध्ये दोन वेढे जाईपर्यंत हेड लटलटत होता.

९ ऑगस्टला एक हेड अर्ध्या इंचाच्या प्लायवूडवर मारला. बाण मागच्या फोमपर्यंत गेला. बाहेर ओढला तेव्हा तीनपैकी एकच पातं जागेवर. दुसरं वाकलेलं आणि तिसरं फोममध्ये राहिलेलं, ते पक्कड घालून शोधावं लागलं. अशा वेळी बोटं घालू नका. फेरूलचं टोक तुटलं होतं आणि तुटलेली जागा करडी, खडीसाखरेसारखी दाणेदार दिसत होती. चांगलं पोलाद सहसा असं तुटत नाही, ओतलेला स्वस्त मिश्रधातू तुटतो. दुसरा हेड मारला, तेच. आणखी दोन हेड तर पुठ्ठ्याला पाडलेल्या ७/८ इंचाच्या भोकातून कडेला न लागता पार झाले. कोलोरॅडोत मोठ्या जनावरासाठी हेड किमान ७/८ इंच रुंद लागतो, आणि किमान दोन पोलादी धारा लागतात. तीन पात्यांचा हेड कॅलिपरने नीट मोजता येत नाही, म्हणून हे पुठ्ठ्याचं भोक कामाचं. तो हेड घेऊन रानात सापडलो असतो तर दंड विक्रेत्याला नव्हे, मला झाला असता.

आता तक्रारीचं. बाजारवाल्या साइटची हमी माल मिळाल्यापासून ३० दिवसांची, म्हणजे २१ जुलैला संपलेली. चॅटवर आधी यंत्र बोललं, मग तीन वेगवेगळी माणसं, आणि प्रत्येकाने तेच फोटो नव्याने मागितले. काट्याचा फोटो पाठवला तर एकाने विचारलं, ग्रॅममध्ये सांगाल का? सांगितलं: १०० ग्रेन म्हणजे ६.४८ ग्रॅम, हा ५.९२ भरतोय. उत्तर आलं, 'किरकोळ फरक, प्रकरण बंद.' विक्रेता म्हणाला, माल परत पाठवा, खर्च तुमचा. तो खर्च ३८.४०.

बँकेत तर कहर झाला. पैसे डेबिट कार्डावरून गेलेले. तिथली बाई शांतपणे म्हणाली, 'व्यवहार तुम्हीच मंजूर केला होता ना?' हो, मीच केला होता, फसवणाऱ्याला पैसे माणूस स्वतःच देतो, म्हणूनच तिला फसवणूक म्हणतात! क्रेडिट कार्ड असतं तर फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टप्रमाणे स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता आली असती. कबूल केल्यासारखा माल आला नाही, हे कारण त्यात बसतं. डेबिटला या कायद्याची सोय नाही. ऑनलाइन काहीही घ्या, क्रेडिट कार्डावरच घ्या, आणि हरकत फोनवर नाही, पत्राने घ्या.

पोलिसांनी 'हा दिवाणी मामला' म्हणून वाटेला लावलं. ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर पाऊण तास फॉर्म भरला. पोच आली, खाली ओळ होती की वैयक्तिक तक्रारींचा निपटारा आम्ही करत नाही. मग करता काय? आकडे मोजता? दुसऱ्या कचेरीतून छापील पत्र आलं, विक्रेता आमच्या हद्दीबाहेर आहे. माझ्या घराच्या दारात पुडकं टाकताना मात्र त्याला हद्द आडवी आली नाही.

हंगाम २ सप्टेंबरला उघडणार होता. दुकानातून ४४.९९ ची दोन पाकिटं आणली, ८९.९८. तिथेच काउंटरवर तोलून घेतली, लाजलो नाही. सहाही ९९.४ ते १००.६ च्या आत. तुम्हीही तिथेच तोला. सिंगल बेव्हल (एकाच बाजूने धार घासलेली पाती) घेत असाल तर उजव्या बेव्हलला उजवी हेलिकल, म्हणजे पीळ देऊन बसवलेली, पिसं, डाव्याला डावी, नाहीतर दोन्ही एकमेकांविरुद्ध फिरवतात. सरावात मारलेली पाती जनावरावर वापरू नका, बदला किंवा पुन्हा धार लावा. जास्त रुंद कटाच्या मोहात पडू नका, धनुष्याची ओढ कमी असेल तर रुंद हेड अर्ध्यात अडकतो, आणि बाण वेगवान असेल तर हवेत भरकटतो. पुडकं उघडतानाच मोबाइलवर चित्रण करा, तोलताना काट्यावरचा आकडा आणि पाकिटावरचं नाव एकाच चौकटीत येऊ द्या. आणि हेड ऑगस्टपर्यंत डब्यात ठेवू नका, आला त्या दिवशी फिरवा, तोला, एक मारून मोडायचा प्रयत्न करा. एक हेड वाया गेला तर जाऊ दे.

विक्रेत्याने शेवटी १५ टक्के परताव्याची 'सदिच्छा' दाखवली, ११ डॉलर २४ सेंट. ती अजून माझ्या खात्यात तशीच पडून आहे. स्वीकारायची असेल तर एकच चौकोन टिचकायचा आहे, त्याच्यापुढे लिहिलंय: 'वस्तू वर्णनाप्रमाणे मिळाली.'